नियम नंबर सत्त्याऐंशी

...आन् वरून मलाच म्हणती बगा, "मामा, तुम्हीच तर सांगितलं होतं!" आता काय बोलावं माणसानं? दगा परक्यानं केला तर शिव्या देता येतेत, भावकीतल्यानं केला तर बोलणं बंद करता येतंय... पण जी पोरगी आपल्या चुलीपशी बसून आठ दिवस धपाटे खाती, मामा मामा करीत आपल्या डोस्क्यातलं सगळं काढून घेती, त्याची मोळी बांधती, आन् तीच मोळी आणून आपल्या टकुऱ्यात हाणती, तिला काय म्हणावं? न्हाई, सांगाच! हसू नका हो, हसण्यासारखं न्हाई हे. ह्याच्यापायी सख्ख्या बहिणीनं तीन हप्ते माझ्या घरचं पाणी पिलं न्हाई.

आता तुम्ही म्हणाल, हा भुजंग कोण? तर निलंग्याच्या अलीकडं आमचा साखर कारखाना हाय. नाव घेत न्हाई, नाव घेतलं की अजून एक चौकशी लागंल. त्यात मी चिटबॉय. हां, आता हसा. बावन्न वर्षाचा बॉय! मिशा पांढऱ्या झाल्या, दोन जावई आले, पण कारखान्याच्या दप्तरात अजून बॉयच. पण तुम्हाला सांगतो, बॉय म्हणा न्हाईतर काय म्हणा, उसाच्या तोडीची चिट्ठी ज्याच्या हातात, त्याला सगळं शिवार राम राम घालतंय. चिट्ठी आली की दुसऱ्या दिवशी तोडणीची टोळी फडात, न्हाई आली की ऊस उभा. माझ्या गटात चारशे बारा शेतकरी! कुणाच्या उसाची लागण कवाची, तोडलेल्या बुडाला फुटलेला खोडवा कुणाचा, कुणाच्या रानात ट्रॅक्टर सरळ जातंय आन् कुणाच्या वाटंत ओढा आडवा येतंय, कोण लागणीची तारीख दोन महिने मागं ढकलून नोंद करतंय, सगळं इथं, डोस्क्यात. कागदावर काय न्हाई. कागदावर ठेवलं की लोक वाचतेत.

एकोणतीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग मागल्या आषाढात आले नवीन एमडी साहेब. माणूस चांगला, इमानदार, तेच तर वाईट! मला बोलावलं, खुर्ची दिली. खुर्ची दिली तवाच मी ओळखायला पाहिजे होतं. "भुजंगराव," म्हणतेत कसे, एकदम शांत, डॉक्टर बोलतो तसं, "हे सगळं ज्ञान तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही नसलात तर?" म्हणलं, साहेब, मी कुठं चाललो? तब्येत ठणठणीत हाय. "तसं नव्हे. तोडणीचा निर्णय एका माणसावर अवलंबून नको. आपण निर्णय सेवा बसवतोय." आता निर्णय सेवा म्हंजे काय? मला वाटलं पंचायत समितीची नवीन योजना हाय, पाणीपुरवठ्यासारखी. मान डोलवली. माणसानं ना, न समजता मान डोलवू नये. तिथूनच सगळा खुर्दा झाला.

तर लातूरच्या कंपनीतून आली ही तनुजा. मूळची रेणापूरची, बाप रानात राबणारा, एवढीशी पोर आन् पाठीवर ही बॅग. आल्या आल्या पाया पडली. आता पाया पडलेल्या माणसापून सावध कोण राहतंय? "मामा, तुम्ही फक्त बोला. मी जर-तर मांडते." जर-तर म्हंजे असं, की जर लागण जुलैची असेल तर इतके दिवस, जर तुरा आला असेल तर नंबर आधी, जर ओढा आडवा असेल तर थंडीत पाणी आटल्यावर. एक एक गोष्ट म्या सांगायची, तिनं टक टक टक करून मशीनमधी घालायची. आमच्या मंडळींनी, सिंधुनं, पोरीला बगितलं आन् तिची मायाच लागली. "बाहेरचं काय खातीस बाई, चल घरी." मग काय, दुपारचं हापिस माझ्या घरात! एका हातात धपाटं, दुसऱ्या हातानं टक टक. आठ दिवसात एकशे त्रेचाळीस नियम काढले माझ्या डोस्क्यातून. मलाच ठाऊक नव्हतं एवढे हायत म्हणून. तुम्हाला सांगतो, लई मोठं वाटलं. जिंदगीत कुणी मला एवढं इचारलं नव्हतं. बायकोनं तर कवाच न्हाई.

एक दिवस इचारती, "मामा, शेतकऱ्याला फोनवर नुसता नंबर पाठवायचा की कारणबी?" म्हणलं, कारण तर पाहिजेच की! नुसता नंबर दिलास तर माणूस काठी घेऊन येतो. कारण दिलास तर निदान काठी ठेवून बोलतो. चांगलं सांगितलं ना? बरोबर सांगितलं ना? टक टक टक! गेलं आत.

आन् मग आला तो दिवस. साहेब सोता चहाचा कप हातात घेऊन उभे, शेतकी खात्यातले चार जण उभे, आमचा शिवशंकर क्लार्क कोपऱ्यात उभा. आन् ही पोरगी सगळ्यांदेखत इचारती, "मामा, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचा ऊस असेल तर?" आता सांगा! अशा येळी माणूस काय बोलतो? घरी पाव्हणा आला, पातेल्यात भात थोडा असला, तरी आपण काय म्हणतो? "पोट भरलंय हो माझं, तुम्ही घ्या." म्हणतो का न्हाई? त्याचा अर्थ पोट भरलेलं असतंय का? ते बोलायचं असतंय! म्या छाती फुगवली, मिशीवरून हात फिरवला आन् म्हणलं, "साहेब, भुजंगाच्या नात्यातला ऊस म्हंजे सगळ्यात शेवटी! लोकांचा आधी, आपल्या रक्ताचा मागून. एकोणतीस वर्षं हाच रिवाज हाय." साहेबांनी कप खाली ठेवला आन् टाळ्या वाजवल्या. "हा नियम सगळ्या कारखान्याला लावा!" टक टक टक. नियम नंबर सत्त्याऐंशी.

आता तुमच्यापशी काय लपवायचं? खरं काय होतं ते साऱ्या शिवाराला ठाऊक. नात्यातल्याचा ऊस आधीच तुटायचा. म्हंजे एकदम आधी न्हाई, पयल्या हप्त्यात कवाच न्हाई, तेवढं इमान हाय माझ्यात. दुसऱ्या हप्त्यात.

पण मशीनला नातं कसं कळणार? म्हणून साहेबांनी फॉर्म काढला, प्रत्येकानं आपापल्या नातेवाइकांची नावं लिहून द्यायची. मला काय वाटलं, की मोठ्या घराचा माणूस हाय आपण, दिसलं पाहिजे! बहीण सरस्वतीबाई, दोन चुलते, तीन मेव्हणे, साडूचा भाऊ, बहिणीचा दीर, जागा पुरली न्हाई तर मागच्या बाजूवर लिहिलं. एकोणीस नावं! आन् शिवशंकरनं काय लिहिलं? ज्याची सासुरवाडी आख्खी उसात, ज्याचे सहा साले बागायतदार, त्यानं फॉर्मवर एक शब्द लिहिला... निरंक. निरंक! बायको काय आभाळातून पडली का रं तुझी? म्या इचारलं तर म्हणतो कसा, "भुजंगराव, फॉर्म हाय तो. फॉर्मवर कुणी खरं लिहितंय का?" अरे मग आधी सांगायचं की, गद्दारा!

हां, मग एक दिवस पोरगी म्हणती, "मामा, उद्या सगळं पॅक करून डिप्लॉय करायचं." पॅक म्हणल्यावर मी काय समजायचं? म्या सुतळी आणली, दुकानातून खोकं आणलं, नारळ आणलं, सिंधुनं हळदी-कुंकू दिलं. एकोणतीस वर्षाचं डोस्कं चाललंय माझं, मोकळ्या हातानं कसं पाठवायचं? तर हिनं एक बटन दाबलं आन् म्हणती, झालं. म्हणलं, काय झालं? "गेलं, मामा." कुठं गेलं? "सर्व्हरवर." सर्व्हर कुठं हाय? "मुंबईकडं कुठंतरी." म्हंजे निलंग्याच्या ओढ्याचा निकाल मुंबईत लागणार? तशी ती हसली आन् माझ्या भाषेत सांगाया लागली, "हे बगा मामा, ऊस तोडला, मोळी बांधली, ट्रॉलीत चढवली. तसे तुमचे एकशे त्रेचाळीस नियम एकत्र बांधले, वर चिठ्ठी लावली, व्हर्जन एक, आन् तिकडं नेऊन ठेवले. आता कुणीबी फोनवरून नाव टाकलं, की ती मोळी तुमच्यासारखंच उत्तर देणार. तुम्ही झोपलात तरी." आईशप्पत, अंगावर काटा आला. मी झोपलो तरी माझं डोस्कं जागं राहणार! नारळ फोडलं प्रिंटरपुढं, आन् खोकं परत नेलं घरी.

त्याच्या आधी दोन गोष्टी केल्या होत्या तिनं, तेबी सांगतो, झाकून ठेवत न्हाई. एक तर म्हणली, "तपासायला दहा शेतकऱ्यांची नावं द्या, उत्तरं बरोबर येतेत का बगू." म्या दहा नावं दिली, सगळी सरळ मार्गी माणसं, ज्यांचं कुणाशी भांडण न्हाई, ज्यांच्या वाटंत ओढा न्हाई, आन् ज्यांचं माझ्याशी नातं न्हाई. नात्यातल्याचं नाव तपासणीत कशाला घालायचं, उगं बोभाटा! दहाच्या दहा उत्तरं बरोबर. पेढे वाटले. दुसरी गोष्ट, सहीची. तीन सह्या पाहिजेत. साहेबांची, शेतकी अधिकाऱ्याची, आन् तिसऱ्या जागी लिहिलेलं, विषयतज्ज्ञ. म्हणलं, हे कोण? "तुम्ही, मामा." मी! बॉयचा एकदम तज्ज्ञ! एकशे त्रेचाळीस नियमाचा गठ्ठा पुढं होता, वाचून सही करा म्हणली. कोण वाचतंय? विषयतज्ज्ञ हा शब्दच मी चार येळा वाचला आन् सही ठोकली. त्या कागदाचा फोटो सिंधुला दाखवला. ती म्हणली, "म्हंजे पगार वाढला का?" बायकांना रुबाब कळत न्हाई.

आता खरी गोष्ट ऐका. दिवाळीत माझ्या भाचीचं, अक्काच्या सुकन्याचं जमलं. अक्का म्हंजे माझी थोरली बहीण सरस्वतीबाई, तीन कोसावर दिलेली. मालक जाऊन सहा वर्षं झाली, एकटीनं पोरगी वाढवली, रान केलं. नवरदेवाचा बाप, संगप्पा पाव्हणं म्हणले, लग्न मुलीच्या दारात पाहिजे. अक्काचं दार म्हंजे गल्ली एवढी, की समोरून म्हैस आली तर माणसानं वळून परत जायचं. तिथं मांडव कुठं घालता? मोकळी जागा म्हंजे एकच, रोडच्या कडंचं तिचं दोन एकर रान. आन् त्यात उभा ऊस! अक्का माझ्याकडं बगाया लागली. मग म्या काय केलं असंल? तो सत्त्याऐंशी नंबर कुठं ध्यानात ऱ्हायलाय! उठलो, टोपी नीट केली आन् म्हणलं, "संगप्पा पाव्हणं, पत्रिका छापा. बारा फेब्रुवारी. लग्न वधूच्या शेतात. जानेवारीच्या पयल्या हप्त्यात रान मोकळं करून देतो, हा मामाचा शब्द." आन् पत्रिका छापल्या हो! विवाहस्थळ, वधूचे शेत, रोडलगत. वर नकाशा. नकाशात मांडव दाखवलेला, जिथं डोक्याच्या वर दीड पुरुष ऊस उभा!

यंदा हंगाम उशिरा, नाताळाच्या सुमाराला सुरू झाला, गव्हाणीत उसाची पयली मोळी टाकली, पूजा झाली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर नंबर आले. माझा फोन वाजला. अक्का. तिचा आवाज सांगतो तुम्हाला, आधी एकदम हळू, "भुजंगा, सुकन्या काय वाचती ते ऐक रं." आन् मागून पोरगी वाचून राहिली, शाळेत धडा वाचावं तसं, "सरस्वतीबाई, आपला तोडणी क्रम चारशे बारा पैकी चारशे पाच. संभाव्य तारीख चोवीस मार्च. कारण... कर्मचारी भुजंग यांचे नातेवाईक." मग अक्काचा आवाज चढला, "काय करलालास रं तू? आँ? शत्रूची बहीण असते तर माझा नंबर आधी लागला असता! तुझी बहीण हाय म्हणून शेवटी व्हय? आन् वरून कारण लिहून पाठवतूस? पोरीचं लग्न उसात लावू का पाचटात लावू?" तिचं संपंस्तोर दुसरा फोन, चुलते. तिसरा, मेव्हणा. साडूच्या भावानं तर जे शब्द वापरले ते इथं बायामाणसं बसलेली हायत म्हणून सांगत न्हाई. एकोणीसच्या एकोणीस फोन! आन् शिवशंकरचे सहाच्या सहा साले पयल्या हप्त्यात तोडून मोकळे, वाढं, म्हंजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांना घालून राहिले!

गेलो लातूरला. तनुजाच्या हापिसात. काचेचं दार, थंडगार हवा, पोरं कानाला हेडफोन लावून बसलेली. म्हणलं, "तनुजा बाई, तो सत्त्याऐंशी नंबर काढ." तिनं मशीनमधी बगितलं आन् डोळे मोठ्ठे करून म्हणती, "मामा, तुम्हीच तर सांगितलं होतं!" तारीख दाखवली, येळ दाखवली, कोण कोण हजर होतं ते दाखवलं. म्हणलं, "अगं माय, ते बोलायचं असतंय!" म्हणती, "मग तसं सांगायचं ना मामा. माझ्याकडं जर हाय आन् तर हाय. बोलायचं असतंय असा कप्पाच न्हाई त्यात." बरं, म्हणलं, नसंल कप्पा. मोळी बांधलीस ना? मग मोळीतून एक ऊस ओढून काढता येतोय की! आपण रोज काढतो, ट्रॉलीतून जाता जाता पोरं काढतेत! "ही मोळी तशी न्हाई मामा. लाइव्ह गेलेल्यात हात घालता येत न्हाई. नवी मोळी बांधावी लागती, व्हर्जन एक पॉइंट एक. परत तपासणी, परत तीन सह्या, आन् डिप्लॉय महिन्यातून एकदाच, पंधरा तारखेला." आन् वरून म्हणती, "हे असंच ठेवायचं, उगं कुणी मधी घुसू नये, हेबी मामा तुम्हीच..." म्हणलं, बास! पुढचं बोलू नको.

मग तिनं फॉर्म दिला. बदलाचा फॉर्म. नियम क्रमांक, सध्याचा नियम, हवा तो नियम, आन् खाली मोठा चौकोन, बदलाचे कारण, विषयतज्ज्ञांनी भरावे. आता कारण काय लिहू? लिहिलं, कौटुंबिक अडचण. ती म्हणली, "मामा, कुटुंबाचं आहे म्हणूनच तर तो नियम लागतोय." खोडलं. लिहिलं, टाईप करताना चूक झाली. अशी चांगली निघत होती बगा वाट! पण पोरीनं फॉर्म बाजूला सारला. मशीन मिटवलं. खाली बगून म्हणती, "मग चूक माझ्यावर येती, मामा. मला लागून चारच महिने झालेत." तिच्या बापाचं तोंड आलं माझ्यापुढं, न बगितलेलं. आन् माझ्या घरात बसून, धपाट्याचा तुकडा धरून, "मामी, अजून एक" म्हणायची ते आलं. लई राग आला मला त्या पोरीचा. फसवणारा माणूस कसा असावा? त्याला बुडवायला हात उचलला पाहिजे आपला. हिच्यावर उचलंनाच!

तीन दिवस तो फॉर्म खिशात घेऊन हिंडलो. इकडं अक्का बोलत न्हाई. घरी आली, ओसरीवर बसली, सिंधुनं तांब्या दिला तर तसाच ठेवला. सुकन्या माझ्याकडं बगून हसायची, ते तर अजून वाईट. म्हणली, "मामा, न्हाई तुटला तर ऱ्हाऊ द्या. आम्ही उसाच्या कडंनं उभं ऱ्हाऊ." त्या दिवशी कारखान्याच्या बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, त्या रांगेत एका ट्रॉलीच्या चाकावर फॉर्म ठेवला आन् लिहून टाकलं. काय लिहिलं? जे होतं ते लिहिलं. "नियम सत्त्याऐंशी मी सांगितला तो खोटा आहे. एकोणतीस वर्षे मी नातेवाइकांचा ऊस आधी तोडत आलो. साहेबांपुढे बरे दिसावे म्हणून उलटे बोललो. नात्याचा नियम काढून टाकावा, लागणीच्या तारखेप्रमाणे नंबर द्यावा." खाली सही, विषयतज्ज्ञ. उभ्या जिंदगीत कागदावर खरं पयल्यांदा लिहिलं हो.

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणले, "भुजंगराव, तुमचं उदाहरण मी तीन मिटिंगमध्ये दिलं होतं." आन् सही केली. पंधरा जानेवारीला व्हर्जन एक पॉइंट एक गेलं. अक्काचा नंबर लागणीप्रमाणे आला, अठ्ठावीस जानेवारी. अहो, सुटलो म्हणलं! हनुमानाला शेंदूर वाहिला. म्हणलं, गेलं तर गेलं साहेबापुढचं तोंड, पण शब्द राहिला, आन् हे हापिसाच्या बाहेर कुणाला कळायचं न्हाई.

आन् दुपारी चारशे बारा फोन वाजले. एकाच येळी. बाजारात उभा होतो, ह्याच्या खिशात टिंग, त्याच्या खिशात टिंग, भाजीवालीच्या कमरंला टिंग! काय आलं होतं? "आपला तोडणी क्रम बदलला आहे. कारण... विषयतज्ज्ञ भुजंग यांनी पूर्वी दिलेली माहिती खोटी होती. ते एकोणतीस वर्षे नातेवाइकांचा ऊस आधी तोडत होते." सगळ्यांना! ज्याचा नंबर चार दिवसानं हलला त्यालाबी, ज्याचा एका दिवसानं हलला त्यालाबी! म्या तिथूनच लावला फोन. "तनुजाऽ! हे काय केलीस गं!" तर रडवेली होऊन म्हणती, "मामा, क्रम बदलला की कारण आपोआप जातंय... शेतकऱ्याला कारण सांगा म्हणून... मामा, तुम्हीच तर सांगितलं होतं." म्या फोन ठेवला. भाजीवालीनं एक मेथीची जुडी फुकट दिली मला. म्हणली, ऱ्हाऊ द्या काका, घ्या.

तुम्हाला सांगतो, लोकांनी मारलं असतं तर सोसलं असतं. लोक प्रेमानं बोलाया लागले! तो ईश्वरप्पा, माझ्याशी वीस वर्षं भांडलेला, हातात हात घेऊन म्हणतो, "भुजंगराव, अभिनंदन. आम्हाला ठाऊकच होतं, पण कारखान्याच्या शिक्क्यानिशी आलं, लई बरं वाटलं." आन् एकोणीस नातेवाईक खूश का? छ्या! त्यांचं म्हणणं, "शेवटून मधी आणलास ते ठीक, पण दुसरा हप्ता गेला की रं!" शिवशंकर मला बगून मान हलवतो, बिचारा म्हणून. त्याची सासुरवाडी अजून निरंकच हाय.

तोड आली अठ्ठावीसला, अगदी ठरल्या दिवशी. अक्काचा फड दोन दिवसात मोकळा. तिसऱ्या दिवशी अक्का घरी आली. ओसरीवर बसली, सोता उठून रांजणातून तांब्या भरून घेतला, पिली. मग म्हणली, "एवढं सगळं कशाला लिहिलास रं भुजंगा? माझी बहीण हाय, एवढंच लिहायचं की." म्हणलं, अक्का, तेच तर आडवं आलं होतं. ती हसली न्हाई. माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी ताप आला की फिरवायची तसा. आता डोळ्यात पाणी आलं माझ्या, त्यात काय लपवायचं? आलं.

लग्न झालं. बारा तारखेला, त्याच रानात, रोडलगत. उसाचे बुडखे टोचत होते सगळ्यांच्या पायाला, पाव्हणे पाय उचलून उचलून चालत होते. भाचीला मांडवात म्याच आणलं. दोन्ही बाजूनं माणसं कुजबुजत होती, "ह्योच. ह्योच तो विषयतज्ज्ञ." संगप्पा पाव्हण्यांनी सगळ्यांदेखत मला फेटा बांधला आन् म्हणले, खरा माणूस. खरा! मी खाली बगितलं. तनुजापण आली होती, सिंधुच्या मांडीला मांडी लावून जेवली. वाढायला मीच होतो. काय करता, नको म्हणता येतंय का?

हां, आता तुम्ही मघापून मनात इचारून राहिलाव, की भुजंगराव, तुमच्या सोताच्या उसाचं काय झालं? दिसतंय मला तुमच्या तोंडावर. उभा हाय. आज एप्रिल लागला, चार दिवसात कारखाना बंद होतो, आन् माझा दीड एकर उभा हाय. तुरा येऊन वाळून गेला, आत उंदरं नांदून राहिलेत. कारण त्या दिवशी साहेब टाळ्या वाजवत होते ना, त्या टाळ्यांच्या भरात म्या अजून एक वाक्य बोललो होतो. "आन् साहेब, माझा सोताचा ऊस तर नातेवाइकांच्याबी मागून!" टक टक टक. नियम नंबर अठ्ठ्याऐंशी. म्या अर्ज दिला तो सत्त्याऐंशीचा. अठ्ठ्याऐंशी मोळीत तसाच राहिला.

सिंधु रोज पाठीमागं लागती, "अहो, मग अजून एक फॉर्म भरा की! तिकडं भरला तसा खरं खरं लिहून द्या!" म्हणलं, सिंधु, खरं लिहायला घरात लग्नाची पोरगी लागती. आपल्या दोन्ही आपण कवाच देऊन बसलो.